दोरीला टांगलेली अक्षरं

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेले आईबाप अधूनमधून माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. त्यांना मी सगळ्यात आधी सांगते, फळा विकत घेऊ नका. त्यांना वाटतं, बाई गंमत करतायत. पण आम्ही तो घेतला होता, डहाणूहून रिक्षाच्या टपावर बांधून नरपडला आमच्या घरी आणला होता, आणि त्याने आमचं काय केलं ते मला ठाऊक आहे.

२०१४ सालची गोष्ट. मुलगी आठ वर्षांची, दुसरी संपवून तिसरीत जाणार होती. मी डहाणूच्या एका शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवत होते, आणि ती दुसऱ्या, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती. सकाळचे सात वाजले की तिच्या पोटात दुखायचं. रविवारी दुखत नसे. मे महिन्यात तर एकदाही दुखलं नाही. डॉक्टरांनी दोनदा पोट तपासलं, जंतांचं औषध दिलं, आणि तिसऱ्या वेळी पोटाऐवजी माझ्याकडे बघून विचारलं, "शाळेत काही होतं का हो?"

तसं काही भयंकर होत नव्हतं. वाचायला उभी राहिली की ती अडखळायची, आणि ती अडखळली की वर्ग हसायचा, एवढंच. पण वर्षाच्या शेवटी तिने वाचणंच सोडून दिलं. इंग्रजी नाही, मराठी नाही, बिस्किटाच्या पुड्यावरचं नावसुद्धा नाही. मराठीच्या बाईंची मुलगी!

माझ्या नवऱ्याचं तलासरीला हायवेलगत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी ते मोबाइलवर घरी शिकणाऱ्या मुलांचे व्हिडिओ बघू लागले. त्यातली परदेशी मुलं हिरवळीवर बसून मातीची भांडी रंगवत असत. आमच्या अंगणात हिरवळ नव्हती, वाळू होती आणि कडेला लाल मुंग्या. पण उत्साहापुढे मुंग्यांचं काय चालतं?

"अगं, तू शिक्षिका, मी मेकॅनिक. एका मुलीला आणखी काय लागतं?" ते म्हणाले.

मी राजीनामा दिला. तो इतक्या शुद्ध मराठीत लिहिला होता की आमच्या मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "नक्की ना, बाई?" मी मान हलवली. मुलीच्या शाळेतून मात्र दाखला, गुणपत्रकं, सगळे कागद नीट मागून घेतले आणि प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावले. त्या वेळी आमच्या हातून झालेलं शहाणपणाचं काम बहुधा तेवढंच.

जूनमध्ये आमची शाळा सुरू झाली. पुढच्या खोलीत फळा. त्याच्या बाजूला मी तीन रंगांच्या स्केचपेननी काढलेलं वेळापत्रक. आठला प्रार्थना, सव्वाआठला मराठी, नऊला गणित. शनिवारी कवायत. पहिल्या दिवशी मी चक्क हजेरी घेतली. पटावर एकच नाव. मुलगी उभी राहून म्हणाली, "हजर."

ओटीवर सासरे चहा पीत बसले होते. आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते ते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालायची. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "कोण कोण गैरहजर आहे, तेपण बघ गो!"

मी दुर्लक्ष केलं. शिक्षणाच्या कामात घरच्यांची थट्टा सोसावीच लागते, असं मी मनाला सांगितलं. थट्टा कशाची चालली होती, ते कळायला मला आणखी चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता मुलगी पोट धरून बसली.

मी तिच्याजवळ जमिनीवर टेकले. ओवा आणू का, विचारलं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आई, आज तू आई आहेस की बाई?"

अकरा वर्षांत मला एवढा अवघड प्रश्न कुठल्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी उठले, वेळापत्रक भिंतीवरून काढलं. संध्याकाळी नवऱ्याने फळा उतरवला. सासऱ्यांनी तो निरखून पाहिला, बोटाने ठोकला, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवला. अगदी मापात बसला.

त्यानंतर तीन महिने मुलीने काहीच केलं नाही. म्हणजे मला तसं वाटायचं. ती वाळूत खड्डे खणायची, कोंबड्यांमागे फिरायची, दुपारी पालथी पडून मुंग्या बघायची. मुंग्यांचा तरी उपयोग झाला. मी माजघरातून तिच्यावर नजर ठेवायचे आणि मनात म्हणायचे, नोकरी गेली, पोर गेली, आता काय? अशा वेळी आईबापांनी करायची गोष्ट एकच, ती म्हणजे गप्प बसणं, आणि ती जगातली सगळ्यात कठीण. नवऱ्याला तर जमतच नसे. आम्ही परीक्षा घ्यायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून ते जेवताना चोरून घ्यायचे.

"समज, एका बांगड्याचे चार तुकडे केले," भात कालवता कालवता ते अगदी सहज विचारायचे. "तू एक खाल्लास. तर किती उरले?"

"उरलेले तुम्ही खाल," मुलगी म्हणायची.

उत्तर बरोबर होतं, वादच नव्हता.

नातेवाइकांचं काय, असंही लोक विचारतात. लग्नकार्यात कोणी ना कोणी मुलीला कोपऱ्यात गाठून बाराचा पाढा म्हणायला लावायचं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचं. त्यांना मी हसून टाळायचे. पण एक माणूस टाळता आलं नाही. आमच्या शेजारी एक मावशी राहायची. पहाटे बंदरावरून मासळी घेऊन डहाणूच्या बाजारात विकायची, उरलेली वाळवायची. तिची मुलगी आमच्या मुलीपेक्षा वर्षाने मोठी, गावच्या शाळेत जाणारी. एका दुपारी मावशी कुंपणापाशी आली आणि सरळ म्हणाली, "बाई, राग नका मानू. माझी पोर आमच्या घरातली शाळेत जाणारी पहिली बाईमाणूस. ती एक दिवस घरी राहिली तर मी तिच्यावर ओरडते. तुम्ही शिकलेल्या, आणि तुम्हीच पोरीला शाळेतून काढलीत. मग मी माझ्या पोरीला काय सांगू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. मी म्हटलं, "मावशी, शाळा वाईट म्हणून नाही काढली. हिला तिथे झेपेना."

"मग झेपेल तेव्हा पाठवाल?"

"तिला जायचं असेल तर पाठवीन," मी म्हणाले. बोलून गेले खरी, पण आम्ही नवराबायकोने तोवर तसा विचारच केलेला नव्हता. आम्ही कायमचे शाळा सोडून बसलो होतो, मोठ्या तत्त्वाने. मावशीने माझ्याकडून शब्द काढून घेतला. तेव्हापासून मी येणाऱ्यांना सांगते, शाळेशी भांडून निघू नका. दार नुसतं लोटून घ्या, कडी लावू नका.

शिकवायला खरी सुरुवात केली ती सासऱ्यांनी, आणि आपण शिकवतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते रोज नातीला घेऊन किनाऱ्यावर जात. एकदा मी मागून गेले तर दोघं पाण्याकडे तोंड करून बसलेली.

"आज तिथी कुठली?" सासऱ्यांनी विचारलं.

"षष्ठी."

"मग सहाचा पाऊणपट कर."

तिने बोटांवर बराच वेळ काहीतरी केलं. "साडेचार."

"झालं. साडेचारला भरती. आपल्या किनाऱ्याला जरा उशीर होतो, तो वर धर. आता घरी जाऊन पोहे खाऊन आलो तरी चालेल."

जिला दोनाचा पाढा म्हणताना घाम फुटायचा ती पाऊणपट करत होती! मी आनंदाच्या भरात पुढे झाले. "अगं, म्हणजे तीन छेद चार! चल, आपण वहीत..." सासऱ्यांनी हात वर केला. बोटीवरच्या माणसांना गप्प करायचा तोच हात असावा. तिघांनी घरी येऊन पोहे खाल्ले.

वाचनाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात माझा पुरता पराभव झाला, तो असा.

दिवाळीनंतर मला टायफॉइड झाला. घरात पडून होते. सासरे माझं पथ्यपाणी बघायचे, म्हणून नवरा मुलीला रोज मोटारसायकलवर पुढे बसवून तलासरीला दुकानात नेऊ लागला. तिथे ती जळलेल्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार सोडवायची, नव्या तारेचे वेढे मोजायची. एक वेढा कमी पडला तर मोटार पुन्हा जळते, हे बाबांनी सांगितल्यावर तिची मोजणी कधी चुकली नाही. उरलेला वेळ ती दारात बसून हायवेवरच्या गाड्या बघायची. हायवेला गुजरातच्या बसगाड्या सतत. पाट्या गुजरातीत.

"बाबा, ती कुठे चाललीय?"

"वापी."

"कुठे लिहिलंय?"

त्यांनी पान्ह्याने पाटी दाखवली. थोड्या वेळाने दुसरी बस आली.

"हीपण वापी?"

"नाही, ही वलसाड."

"पण पहिलं अक्षर तर तेच आहे!"

आता इथे माझ्यासारखी बाई असती तर लगेच म्हणाली असती, शाब्बास, आता 'व'वरून आणखी पाच शब्द सांग. आणि मुलीने तोंड फिरवलं असतं. पण नवऱ्याच्या तोंडात तेव्हा चार स्क्रू धरलेले होते, त्यामुळे त्यांना काही शिकवता आलं नाही. त्यांनी नुसतं "हं" केलं. त्या "हं"वर आमच्या मुलीचं शिक्षण उभं आहे. आठवड्याभरात ती सुरत वाचू लागली, मग उमरगाम, मग समोरच्या फरसाणवाल्याची अख्खी पाटी.

ही बातमी नवऱ्याने मला संध्याकाळी खाटेपाशी बसून सांगितली. "अगं, पोरगी वाचते!"

मी उठून बसले. "काय वाचते?"

ते जरा चाचरले. "गुजराती."

मी पुन्हा आडवी झाले. ताप वाढला की काय कोण जाणे.

बरी झाल्यावर अंगणात आले तर मुलीने वाळूत काठीने मोठ्ठं 'वापी' लिहिलं होतं, गुजराती वळणाचं, वरच्या रेघेशिवाय. माझा हात शिवशिवला. फक्त एक आडवी रेघ ओढली की झालं मराठी! मी वाकलेसुद्धा. पण ओटीवर सासरे खाकरले, आणि मी वाकलेच आहे तर म्हणून एक पडलेलं पान उचललं आणि परत फिरले.

तीन-चार दिवसांनी शेजारची मावशी बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील टांगत होती. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून, रांगच्या रांग. आमची मुलगी तिला मदत करत होती. मासळीच्या टोपलीत वर्तमानपत्राचा कागद होता. तो हातात धरून ती एकदम थांबली. कागदाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. मग ओरडत आली, "आई! ही तीच अक्षरं आहेत! तीच! नुसती दोरीला टांगलीयेत, बोंबलांसारखी!"

आणि माझ्यासमोर उभं राहून, बोट ठेवून तिने पहिलं मराठी वाक्य वाचलं. मध्ये काही अक्षरं अडली, गुजरातीत ती वेगळी दिसतात. ती तिने विचारली आणि मी फक्त तेवढीच सांगितली. "उ-द्या पा-णी-पु-र-व-ठा बंद."

अकरा वर्षं मी वर्गात कविता शिकवल्या, पण ते वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांत आलं तसं पाणी कुठल्याच कवितेने आणलं नव्हतं. मावशीने माशाचा हात पदराला पुसला आणि मुलीच्या गालावरून फिरवला. सासऱ्यांनी मात्र वेळ न घालवता पिंप भरायला घेतलं. कागद आठवड्यापूर्वीचा आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. नातीने पहिल्यांदा काहीतरी वाचलंय. पाळायला नको?"

पुढची चार वर्षं सांगण्यासारखी आहेत पण सगळी सांगत नाही. मुलगी वाचत सुटली. मावशीची मुलगी शाळेतून आली की दोघी आमच्या मागच्या पडवीत शाळा-शाळा खेळायच्या. मावशीची मुलगी बाई व्हायची, त्या दिवशी शिकलेला धडा तावातावाने शिकवायची. आमच्या घरातून शाळा हद्दपार केली होती ती मागच्या दाराने रोज येत होती, आणि आमची मुलगी वेळेवर हजर! मी एकदा डोकावले तर छोट्या बाईंनी पट्टी उगारून सांगितलं, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. पालकांना परवानगी नाही." मी बाहेर थांबले. त्याच पडवीत मावशीच्या मुलीचंही गणित सुधारलं, कारण आमची विद्यार्थिनी दर दोन मिनिटांनी "पण का?" विचारायची आणि छोट्या बाईंना उत्तर शोधावं लागायचं. मावशीने एक दिवस ताटलीभर तळलेले बोंबील आणून दिले आणि म्हणाली, "तुमच्या पोरीमुळे माझी हुशार झाली." मला मनातून नेमकं उलट म्हणायचं होतं. दोघींनी आपापलं म्हणणं बोंबलांबरोबर गिळलं.

आणि मग २०१९चा मार्च उजाडला. मुलगी तेरा वर्षांची. जेवताना तिने जाहीर केलं, "मला जूनपासून शाळेत जायचंय."

नवऱ्याचा घास हातात राहिला. पाच वर्षांत ते जिल्हाभरातल्या चार-पाच घरांचे सल्लागार झाले होते. चिखले गावातल्या एका जोडप्याला त्यांनी आदल्याच आठवड्यात शाळेच्या दुष्परिणामांवर दोन तास सांगितलं होतं. ते म्हणाले, "का? इथे काय कमी आहे?"

"माणसं," मुलगी म्हणाली. "मला खो-खो खेळायचाय. मावशीची मुलगी शाळेच्या टीममध्ये आहे. खो-खोला एका बाजूला नऊ जण लागतात. आपण चौघं आहोत, आणि आजोबांना उकिडवं बसता येत नाही."

"येतं की," सासरे म्हणाले. "उठता येत नाही."

नवरा दोन दिवस रुसून होता. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कुंपणापाशी मावशीला दिलेला शब्द सांगितला. ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा हिरवळ शोधत होता."

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे भला माणूस, पण त्यांच्यापुढे फॉर्म होता आणि फॉर्मात 'यापूर्वीची शाळा' असा रकाना होता. दुसरीचा दाखला मी पुढे केला. त्यांनी तो बघितला, मुलीची उंची बघितली.

"आणि मधली पाच वर्षं?"

"घरी," मी म्हणाले.

"आजारी होती?"

"नाही सर," मुलगी म्हणाली, "शिकत होते."

त्यांनी मराठीचं पुस्तक पुढे केलं. तिने पानभर वाचलं. वडिलांचं दुकान कसलं ते कळल्यावर पाण्याची मोटार कशी चालते ते विचारलं तर तिने एवढं सांगितलं की शाळेच्या बोअरवेलची बंद मोटार बघायला त्यांनी तिच्या वडिलांना लगेच बोलावून घेतलं. मग ते पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं, तेराचा पाढा?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "पाठ नाही सर. कितीने गुणू ते सांगा."

"तेरा साते?"

तिने छताकडे बघितलं. "एक्क्याण्णव."

"पाठ नाही म्हणतेस आणि सांगतेस कसं?"

"दहा साते सत्तर, तीन साते एकवीस."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे योग्य की अयोग्य, याचं परिपत्रक आलंय का, ते आठवत असावेत. मग आठवीत, असं लिहून त्यांनी सही केली. नवरा मोटारीचं काम करून ग्रीसच्या हातांनी आला तोवर प्रवेश झाला होता.

शाळेत तिचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले काही आठवडे ती पाणी प्यायला न विचारता उठायची आणि शिक्षा भोगायची. लिहिण्याचा वेग नव्हता, त्यामुळे चाचणीत अर्धा पेपर कोरा राहिला. खो-खोच्या पहिल्या सामन्यात ती राखीव होती. दुसऱ्यात खेळली आणि अर्ध्या मिनिटात बाद झाली. पण धापा टाकत, गुडघे सोलून बाहेर आली तेव्हा तिला टीमच्या मुलींनी घेरलं होतं. मैदानाच्या कडेला उभे राहून आम्ही ते बघितलं. नवरा म्हणाला, "एवढी माणसं आपण कुठून आणली असती?"

सहामाहीचं गुणपत्रक दिवाळीच्या आधी मिळालं. गणित ठीक, विज्ञान चांगलं, मराठी एकसष्ट. मी उत्तरपत्रिका मागून घेतली. एका उत्तरावर अर्धेच गुण होते. उत्तर मला पटलं, चांगलं पटलं, म्हणून मी मुलीला विचारलं, "याला गुण का कापले?"

"बाई म्हणाल्या, बरोबर आहे, पण पुस्तकात दिलंय तसं नाही," ती बूट काढत म्हणाली. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

माझ्या ओठांवर पुष्कळ आलं होतं. पण शिक्षिका असताना हेच वाक्य मी किती वह्यांवर तांबड्या शाईने लिहिलं असेल, याचा हिशेब नव्हता. आणि त्या वह्या घरी पाहणाऱ्या कुठल्याच आईने मला कधी काही विचारायला यायचं धाडस केलं नव्हतं. मी पेन शोधलं आणि 'पालकांची सही' लिहिलं होतं तिथे सही केली.